संगणकावर ड्रॉइंग काढायचं कॅड असताना डिप्लोमाच्या मुलांना अजून हाताने ड्रॉइंग का काढायला लावतात?

तुमचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि शीट काढून काढून वैतागलाय, असं तुम्ही लिहिलंय. लेटरिंग (शीटवरची अक्षरं) देखणं येईपर्यंत तीच शीट परत काढायला लावत असतील, तर त्याचं वैतागणं मला पटतं. पण प्रोजेक्शन, म्हणजे एकाच वस्तूचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू काढणं, मात्र त्याला सोडू देऊ नका.

मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो. मागे एका परदेशी गिऱ्हाइकाचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं, थर्ड अँगलमधलं. कुठला व्ह्यू कुठे मांडायचा, याच्या दोन पद्धती आहेत, त्यातली ही एक. आपण शिकतो फर्स्ट अँगल. एसपी ४६ या ड्रॉइंगच्या भारतीय मानक पुस्तिकेतही तेच आहे. त्यात एलिव्हेशनच्या (समोरच्या व्ह्यूच्या) उजवीकडे काढलेला व्ह्यू असतो डाव्या बाजूचा. थर्ड अँगलमध्ये उजवीकडचा व्ह्यू उजव्याच बाजूचा. पद्धत कुठली ते सांगणारं, टायटल ब्लॉकजवळचं (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीजवळचं) कापलेल्या शंकूचं चिन्ह मशीन लावणाऱ्या सेटरने पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. टॅपिंगची (आट्यांची) चार भोकं भलत्याच फेसवर पडली आणि ६० नग भंगारात गेले. एलिव्हेशनमध्ये त्या भोकांच्या, आत लपलेलं दाखवणाऱ्या तुटक रेषा असत्या तरी घोटाळा तिथेच लक्षात आला असता. पण कॅडमधल्या मॉडेलवरून व्ह्यू काढताना त्या कुणीतरी बंद ठेवल्या होत्या. ज्याने हाताने एकदा तरी अशा रेषा ओढल्यात, त्याला त्या नसल्या की चुकचुकतं.

दुसरं मापांचं. मॉडेलमध्ये शाफ्ट २५ मिलिमीटर, भोकही २५, स्क्रीनवर दोन्ही झकास बसतात. मशीनवर नेमकं २५ कधी येत नाही. म्हणून माप किती कमीजास्त चालेल, ते एच७ सारख्या खुणेने सांगतात. भोक एच७ म्हटलं की २५.००० ते २५.०२१. त्यात शाफ्ट जी६ दिला, म्हणजे २४.९८० ते २४.९९३, तर तो हाताने सरकतो. पी६ दिला, म्हणजे २५.०२२ ते २५.०३५, तर प्रेसवर दाबूनच बसवावा लागतो. शाफ्ट फिरायला हवा की घट्ट बसायला हवा, हे ड्रॉइंग काढणाऱ्यालाच माहीत असतं. त्याने नुसतं २५ लिहून दिलं, तर ऑपरेटर अंदाजाने काम करणार.

घरी एक करून बघा. कपड्यांच्या साबणाची वडी आणा, पुस्तकातले कुठलेही तीन व्ह्यू मुलाच्या पुढे ठेवा आणि त्यावरून वडी कोरायला सांगा. मग तोच जॉब कॅडमध्ये करू दे आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघू दे. पहिल्या वडीत एखादी खाच हमखास उलट्या बाजूला जाईल. दुसरी वडी आधीच आणून ठेवा.