‘तुला हवं तसं कर’ या वाक्याचा अर्थ कोण ठरवतो?

प्रिय भगिनी,

एका प्रशिक्षणवर्गात ‘अर्थाचे समन्वित व्यवस्थापन’ या संवादविषयक सिद्धान्ताशी तुमची ओळख झाली आणि थोरल्या भावाशी वर्षानुवर्षे चाललेल्या कुरबुरीचे कोडे एका रात्रीत सुटल्यासारखे वाटले, असे तुम्ही लिहिले आहे. दादा फोनवर विचारतो, ‘पैसे पुरतायत ना?’ तुम्ही म्हणता, ‘माझं मी बघते.’ तो फोन ठेवतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घडते. हे सारे कागदावर आकृती काढून तुम्ही त्याला समजावायला गेलात, तर तो म्हणाला, ‘आता माझ्यावर प्रयोग करतेस का?’ तेव्हापासून बोलणे बंद आहे. सिद्धान्त चुकला की मी चुकले, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमचा त्या रात्रीचा आनंद मला चांगला कळतो, कारण तो मीही अनुभवला आहे. माझा मुलगा कॉलेजात असताना मी त्याला कितीतरी वेळा ‘तुला हवं तसं कर’ असे म्हणत असे. मी त्याला मोकळीक देते आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे अनेक वर्षांनी तो म्हणाला, ‘आई, तू तसं म्हणालीस की मला वाटायचं, तू माझ्यावरचा हक्क सोडलास.’ त्याच सुमारास हा सिद्धान्त माझ्या वाचनात आला, आणि त्या चार शब्दांचा अर्थ मी एकटीने ठरवलेला नव्हता, हे तेव्हा प्रथमच लख्ख दिसले.

बार्नेट पिअर्स आणि व्हर्नन क्रोनेन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० च्या दशकात ही मांडणी उभी केली आणि १९८० मध्ये ती पुस्तकरूपाने सविस्तर मांडली. बोलणे म्हणजे एकाच्या मनातला तयार अर्थ दुसऱ्याच्या मनात पोहोचवणे, ही आपली नेहमीची समजूत त्यांना अपुरी वाटली. त्यांच्या मते अर्थ बोलणाऱ्यांच्या मध्ये घडतो, आणि प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या चौकटीत ऐकले जाते. ती चौकट त्या प्रसंगाची असेल, नात्याची असेल, ‘मी कोण’ या स्वप्रतिमेची असेल किंवा संस्कृतीची असेल. दादाच्या प्रश्नामागे नात्याची चौकट आहे, थोरल्याने धाकटीची विचारपूस करायची असते ही. तुम्ही तो प्रश्न स्वप्रतिमेच्या चौकटीत ऐकता: माझ्या कर्तबगारीवर याचा विश्वास नाही. तुमचे ‘माझं मी बघते’ त्याला दार लावून घेतल्यासारखे ऐकू येते, म्हणून त्याची काळजी वाढते आणि तो पुन्हा विचारतो. दोघांनाही वाटत असते की आपल्याला दुसरे काही बोलणे शक्यच नव्हते. नको असलेल्या आणि तरीही पुन्हा पुन्हा घडणाऱ्या अशा साखळ्यांचा या अभ्यासकांनी मुद्दाम विचार केला आहे.

इथवर तुम्हीही पोहोचला होतात. निसटले ते पुढचे: आकृती काढून दाखवणे हीसुद्धा त्याच संभाषणातली तुमची एक खेळी होती. तुम्ही जणू संभाषणाबाहेर उभ्या राहून ‘आपलं काय चुकतं ते मला कळलंय’ असे सांगत होतात, आणि दादाच्या चौकटीत त्याचा अर्थ ‘धाकटी मला शिकवते आहे’ असाच झाला असणार. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण हेतू चांगला असला म्हणजे अर्थही तोच होईल असे नाही, हेच तर हा सिद्धान्त सांगतो.

म्हणून माझा सल्ला असा, की सिद्धान्ताचे नावही आता त्याच्यापुढे काढू नका. बदलायचे आहे ते तुमचे एक वाक्य. पुढच्या वेळी ‘पैसे पुरतायत ना?’ असे आले की ‘पुरतात रे दादा, पण तू विचारतोस ते बरं वाटतं’ असे म्हणून पाहा, अर्थात ते मनापासून येत असेल तरच. समोरच्याच्या आधीच्या वाक्याचा अर्थ काय झाला, हे बऱ्याच अंशी आपल्या उत्तराने ठरत असते. तुमच्या या उत्तराने त्याचा प्रश्न विचारपूस ठरेल. एका फोनने जुनी साखळी तुटेल, अशी खात्री मी देत नाही. दोघांनी एकाच अर्थावर सहमत व्हावे लागते असेही नाही. अर्थ वेगळे असूनही माणसे एकमेकांशी जुळवून घेत चांगली नांदतात, आणि या मांडणीतला मला सर्वांत दिलासा देणारा भाग तोच आहे.

‘इतकी वर्षे मी त्याच्यावर अन्याय केला’ हे तुमचे वाक्य मला मान्य नाही. ती साखळी दोघांनी मिळून विणली होती. शिवाय दादाच्या बाजूची एक गोष्ट तुमच्या आकृतीत कुठेच नाही: पैशांचीच काळजी त्याला का वाटते? त्याने ते कधी सांगितले नसेल, किंवा सांगितले तेव्हा ते ऐकले गेले नसेल. त्याच्या फोनची वाट न पाहता तुम्हीच फोन करा. ‘त्या दिवशी मी तुला समजावत बसले, ऐकलं काहीच नाही’ एवढे बोला आणि थांबा. तो लगेच काही बोलला नाही, तरी फोन ठेवण्याची घाई करू नका.

तुमची,
ताई