सगळ्याच साइट्सवर लाल त्रिकोण? आधी तारखेतलं साल बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोज 7 चा जुना डेस्कटॉप आहे. कालपासून क्रोममध्ये गूगल, बँक, सातबाऱ्याची साइट, काहीही उघडलं की ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं. त्याच वायफायवर मोबाइल मात्र नीट चालतो. एकानं ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन ‘प्रोसीड’ करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं व्हॉट्सॲपवर रूट सर्टिफिकेटची फाइल पाठवली. यातलं काय करावं?

दोन्ही नको. फाइल तर आधी डिलीट करा, कारण खाली सांगतो. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, आणि रूट म्हणजे ती ओळखपत्रं देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट, ज्यावर मशीन विश्वास ठेवतं.

निम्मं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. एकच साइट रडत असेल तर बहुधा दोष साइटचा. सगळ्या साइट्स एकाच मशीनवर रडत असतील आणि शेजारचा मोबाइल त्याच वायफायवर ठीक असेल, तर दोष त्या मशीनमध्ये. आता त्या पानावर खाली बारीक अक्षरात जो कोड येतो तो वाचा. कुणी वाचत नाही, पण खरी माहिती तिथेच असते. शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेची भानगड, ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर सर्टिफिकेट देणाऱ्याची ओळख पटत नाहीये, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे.

माझा अंदाज तारखेवर. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस न्या आणि साल बघा. लोक तास-मिनिटं बघतात आणि ‘टाइम तर बरोबर आहे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक सर्टिफिकेट अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. मशीन स्वतःला 2009 सालात समजत असेल तर त्याच्या लेखी आजचं एकही सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही.

साल मागे जातं ते मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलमुळे. नंबर सीआर 2032, तीन व्होल्टचा. दुकान बंद करताना बोर्डावरूनच स्विच बंद करायची सवय असते, मग रात्रभर घड्याळ फक्त त्या सेलवर चालतं. सेल गेला की सकाळी तारीख बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) मूळ सालावर. घड्याळवाल्याकडे सेल मिळतो. वायर काढून ठेवा, बाजूची छोटी क्लिप दाबली की जुना सेल वर येतो, नवा बसवताना अधिकची खूण वर.

तारीख आधी हातानं लावा. नुसतं ‘इंटरनेट टाइम’मध्ये जाऊन ‘अपडेट नाऊ’ दाबलंत तर बहुधा नकार येईल, कारण फरक फार मोठा असला की विंडोज आपणहून घड्याळ सरकवत नाही. साल, महिना, दिवस टाका, टाइम झोन भारताचाच आहे ना बघा, मग सिंक करा. क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

तारीख ठीक निघाली आणि कोड ‘ऑथॉरिटी’चा असेल तर पत्त्याच्या डावीकडे ‘नॉट सिक्युअर’वर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि ‘इश्यूड बाय’ वाचा. गूगलच्या साइटवर तिथे ‘गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस’ दिसायला हवं. त्याऐवजी अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर तो मध्ये बसून सगळी वाहतूक उघडून तपासतोय आणि त्याचं स्वतःचं रूट बिघडलंय. त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून बघा. कधीच न ऐकलेलं नाव दिसलं तर त्या मशीनवर बँकेचं काम अजिबात करू नका.

तिसरी शक्यता विंडोज 7 चीच. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं असंख्य साइट्स वापरतात, आणि त्यांचा जुना आधार असलेलं एक रूट 30 सप्टेंबर 2021 ला संपलं. ज्या मशीनवर अपडेट बंद होते तिथे नवं रूट पोचलंच नाही, आणि क्रोम त्या काळी विश्वासाच्या रूट्सची विंडोजचीच यादी वापरायचा. फायरफॉक्सची यादी स्वतःची असते, म्हणून तो बरेचदा चालून जायचा. पण यात काही साइट्स बंद, काही चालू असं दिसतं. तुमच्याकडे सगळंच बंद आहे, म्हणून मी हे शेवटी ठेवलं. तसंही विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे जात नाही, मामांना नव्या मशीनचं सांगायला हरकत नाही.

आता ती फाइल. रूट इन्स्टॉल करणं म्हणजे सही केलेला कोरा चेक देणं: ज्याच्याकडे त्याची किल्ली तो कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट बनवील आणि तुमचं मशीन ते खरं मानेल. हे नुसतं घाबरवणं नाही. 2014 च्या जुलैत आपल्या एनआयसीच्या (सरकारी संगणक-सेवा देणाऱ्या केंद्राच्या) यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालेली उघड झाली होती. त्यांच्या वर भारताच्या सीसीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाचं) रूट होतं आणि विंडोजचा त्यावर विश्वास होता, त्यामुळे विंडोजवरचे बहुतेक प्रोग्रॅम त्यांना फसले असते. फायरफॉक्सच्या यादीत ते रूट नव्हतंच. सरकारी यंत्रणेचं हे, तर व्हॉट्सॲपवरच्या फाइलचं काय घ्या!

‘प्रोसीड’ कधीच दाबायचं नाही असंही नाही. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीसाठी ई-एमसायनर लागतो, त्यात 127.0.0.1 आणि पोर्ट 1585 चा पत्ता उघडून हेच बटण दाबावं लागतं. तो पत्ता म्हणजे तुमचंच मशीन, बाहेरचं कुणी नाही, म्हणून चालतं. बँकेच्या साइटवर तोच नियम लावू नका. तिथे बरेचदा ते बटण दिसतही नाही, ते मुद्दाम.

साइटचंच सर्टिफिकेट संपलेलं असेल तर तुम्ही काही करू शकत नाही, दोन दिवस थांबा. हे पुढे जास्त दिसेल: सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200 दिवस आणि 2029 पर्यंत 47 दिवस करायचं ठरलंय, आणि हातानं नूतनीकरण करणारी कार्यालयं काही कमी नाहीत.

साल बघून झालं की कळवा. बरोबर निघालं तर कोडचे शेवटचे शब्द आणि ‘इश्यूड बाय’चं नाव लिहा, पुढचं सांगतो.