वीस गुंठे गहाण ठेवू नका, भाऊ

प्रश्न : वकीलताई, मी राधानगरी तालुक्यातला. दीड एकर ऊस आहे. लेक यंदा बारावीला आहे, पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीचा अभ्यास करतीय. पै-पावणे म्हणतात, वीस गुंठे गहाण टाक, नाहीतर बँकेचं कर्ज काढ. सोसायटीचं कर्ज आधीच आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचताना मला आमच्या घरचा सोपा आठवला. वीस वर्षांपूर्वी माझ्या शिक्षणावरून तिथं हेच बोलणं चाललेलं, आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

आधी हक्काचं आहे ते पदरात पाडून घ्या. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. ‘ओळखीनं सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्यासाठी उत्पन्नाचा, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा आणि रहिवासी दाखला आत्ताच काढायला टाका. एसईबीसी, ओबीसी असाल तर नॉन क्रीमिलेअरही. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. लेकीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही बघा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी नव्यानं पुढं न्यावा लागतो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसवा. अल्पभूधारक दाखलाही काढून ठेवा. ती कोल्हापुरात वसतिगृहात राहिली तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याच्या अर्जाला तो लागेल.

माफी मिळाली तरी इतर फी, डिपॉझिट, खोली, मेस, पुस्तकं उरतातच. त्यात प्रवेश पावसाळ्यात आणि उसाचं बिल गळीत सुरू झाल्यावर. माझ्या कॉलेजनं सगळी फी आधी भरून घेतली होती. शिष्यवृत्ती हातात पडली तेव्हा पुढचं वर्ष निम्मं सरलं होतं. आबांनी दुभती म्हैस विकून ती फी भरली. म्हणून सांगते, या हंगामाच्या बिलातले थोडे पैसे आजच बाजूला काढा, आणि सोसायटीच्या हप्त्याला हात लावू नका.

आता कर्ज. काढू नका असं मी म्हणणार नाही, पण वकिलीचं गणित वेगळं आहे. समजा, दर वर्षी साठ हजार याप्रमाणे पाच वर्षांत तीन लाख घेतले, व्याज दहा टक्के. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. सहाव्या वर्षाअखेर सरळव्याजानंही ते चार लाख वीस हजार होतात. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. आणि तेव्हा लेक कुणाची तरी ज्युनियर असेल. मला पहिल्या महिन्यात दीड हजार मिळाले होते. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळं कर्ज काढायचंच तर फी माफीनंतर उरलेल्या खर्चापुरतं, आणि जमेल तसं शिकतानाच व्याज भरत जा.

दोन गोष्टी मात्र आमच्या वेळेपेक्षा बऱ्या झाल्यात. सनदेची, म्हणजे वकिली करायच्या परवान्याची नोंदणी फी खुल्या वर्गाला ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ठरवून दिलं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात बसतंय. हायकोर्टाचं काम शिकायला तिला मुंबईत खोली घ्यावी लागणार नाही. ही बातमी कळली त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राहिले वीस गुंठे. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण लागत नाही. तुम्हाला लागणारी रक्कम त्याच्या कितीतरी खाली आहे. तरी कुणी सातबारा मागितलाच, तर ‘कुठल्या नियमानं, ते लेखी द्या’ एवढं म्हणा. तेव्हा लेकीला सोबत न्या, आणि ते तिलाच बोलू द्या.