१९७१ च्या युद्धातले भारतीय वैमानिक रावळपिंडीच्या कैदेतून निसटूनही पकडले का गेले?

थोडक्यात: जुन्या नकाशामुळे. दिलीप पारुळकर (त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान १० डिसेंबर १९७१ ला पाडलं गेलं), मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीच्या भिंतीतल्या विटा हळूहळू मोकळ्या केल्या. बाहेरचा गिलावा मात्र शेवटपर्यंत तसाच ठेवला, नाहीतर पहारेकऱ्याला भगदाड दिसलं असतं. १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळात तो फोडला. होकायंत्र घरगुतीच: शिवणाची सुई चुंबकित केलेली.

पेशावरपर्यंत बस, पुढे जमरूद, मग लंडी कोतल. तिथून अफगाण सरहद्द अगदी काही मैलांवर. इथे घात झाला. नकाशात रेल्वेचं शेवटचं स्थानक लंडी खाना होतं, म्हणून त्यांनी तिथला रस्ता विचारला. ते स्थानक १९३२ सालीच बंद पडलेलं! चाळीस वर्षांपूर्वीचं स्थानक विचारणारे परके लोक म्हटल्यावर संशय येणारच, आणि ते पकडले गेले.

जीव वाचला तो पारुळकरांच्या प्रसंगावधानामुळे. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत असं सांगत त्यांनी पकडणाऱ्यांना रावळपिंडीच्या कैदी छावणीच्या आधीच्या प्रमुखाला, उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. हमीद तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी (मदतनीस अधिकारी) होते. त्यांनी ओळखलं आणि सांभाळून घेतलं. सुटका १ डिसेंबर १९७२ ला, वाघामार्गे.