दोघांच्या मधे काय आहे ते बघा

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या महिला गटाला यंदा पुस्तकं घ्यायचीत, बजेट दोन हजार. प्रेमकथांचे चार-पाच संग्रह समोर आहेत, वेगवेगळ्या लेखकांच्या कथा एकत्र केलेले. कव्हरं सगळ्यांची सारखीच, पाऊस आणि छत्री. सगळे वाचून ठरवायला वेळ नाही, मग चांगला कुठला हे ओळखायचं कसं? आणि गटातल्या एक काकू म्हणतात की प्रेमकथा म्हणजे टाइमपास, त्यात दर्जा काय बघायचा. – एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, काकूंना माझा नमस्कार सांगा, पण मला त्यांचं अजिबात पटलेलं नाही. प्रेमकथा लिहायला अवघड असते, कारण पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला साधारण माहीतच असतं, जमेल किंवा फिसकटेल, तिसरं काय. तरी आपण शेवटपर्यंत वाचतो ते कशासाठी, तर त्या दोघांच्या मधे काय उभं आहे ते बघायला. मी कुठलाही संग्रह हातात घेतला की आधी हेच शोधते.

मधलीच एखादी कथा उघडा, पहिली नको, पहिली सगळे निवडूनच लावतात. ती वाचा आणि स्वतःला विचारा, यांचं अडलंय कशावर? एक फोन केला असता तर मिटलं असतं अशा गैरसमजावर अडलं असेल तर कथा कच्ची. पण जात आहे, शेतीची वाटणी आहे, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात त्यामुळे दोन शब्द निवांत बोलायला जागा नाही, आधीच्या लग्नाचं मूल आहे, किंवा नुसता स्वभाव आहे, त्याला बोलताच येत नाही, अशा गोष्टींवर अडलं असेल तर लेखकाने माणसं बघितलीयत असं समजा. मग अजून दोन कथा उघडा. तिन्हीत अडचण एकच निघाली, म्हणजे घरचे नाही म्हणतात आणि शेवटी बाबा विरघळतात, तर पुस्तक खाली ठेवा, कथा पंधरा असल्या तरी तुम्ही एकच कथा पंधरा वेळा विकत घेताय.

अडचण खरी आहे का हेही तपासता येतं. मध्ये एक कथा वाचली, मुलगा-मुलगी वेगवेगळ्या धर्माचे, दोघांनाही धर्म बदलायचा नाही, सकाळी घरातून निघतात आणि दुपारी रजिस्टर लग्न करून मोकळे. अहो, १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस थांबावं लागतं. कुणी ओळखीचं ती वाचेल, घरी जाऊन सांगेल, हा धसका घेऊन काढलेले ते ३० दिवस, खरी कथा तिथे होती आणि लेखकाने ती एका ओळीत उडवली. मला फार वाईट वाटलं, कारण पात्रं छान होती.

आता संपादकाकडे या. आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून कितीतरी कथा आधी दिवाळी अंकात येतात आणि मग संग्रहात. म्हणून प्रत्येक कथेखाली ती आधी कुठे आणि कुठल्या साली छापली ते दिलंय का बघा. ही नुसती अभ्यासकांची हौस नाही. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघायच्या काळातली कथा सालाशिवाय छापली तर आजची मुलगी म्हणणार, याने फोन का नाही केला? दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा असेल तर ती ६ सप्टेंबर २०१८च्या आधीची की नंतरची याने सगळा ताण बदलतो, असं प्रेम गुन्हा नाही हा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्या दिवशी आला, तोपर्यंत कायदाच त्यांच्या मधे उभा होता. साल काढून टाकलं की संपादक ती अडचणच पुसून टाकतो.

प्रस्तावना पण वाचा, दोनच पानं. ‘प्रेम ही शाश्वत भावना आहे’ असल्याच वाक्यांनी भरली असेल तर सोडा. ही कथा का घेतली, हिच्यानंतर ती का लावली, हे ज्याने लिहिलंय त्याने कथा खरंच वाचल्यात. अनुवादित कथा असेल तर अनुवादकाचं नाव हवंच हवं. आणि शेवट दुःखी म्हणजे दर्जेदार असं काही नसतं हं, गटात हा वाद होणारच, म्हणून आधीच सांगते. सुखाचा शेवट कष्टाने मिळवलेला असेल तर तो लिहायला जास्त कठीण.

काकूंना एक काम द्या. निवडलेल्या पुस्तकातली एक कथा त्यांनी गटात मोठ्याने वाचून दाखवायची. संवाद खोटे असतील तर तोंडात अडखळतात, लगेच कळतं.

प्रश्न: मी हौशी लेखक. एका प्रातिनिधिक प्रेमकथा संग्रहात माझी कथा घेतो म्हणाले, पण १५०० रुपये सहभाग शुल्क आणि वर पाच प्रती विकत घ्यायच्या. कथा वाचून काही बदल सुचवलेले नाहीत. देऊ का? – एक वाचक, परभणी

उत्तर: दादा, नका देऊ. पैसे भरतील त्या सगळ्यांच्या कथा घेतल्या तर निवड झालीच नाही, मग त्याला प्रातिनिधिक कसं म्हणायचं? शिवाय कथा न वाचता कुणी घेतली तर तुमची कथा कुठे कमी पडते ते तुम्हाला कधी कळणारच नाही, मला तर १५०० रुपयांपेक्षा हे नुकसान मोठं वाटतं. तीच कथा दोन दिवाळी अंकांना पाठवा, दोघांना एकदम नाही, एकाकडून उत्तर आल्यावर दुसऱ्याला. नकार आला तरी तो फुकट येतो, आणि कधीकधी सोबत दोन ओळी येतात त्या जपून ठेवा.