गुरूचा पांढरा बल्ब आणि शनीची रेघ

प्रश्न : नमस्कार सर, दिवाळीत 6 इंची डॉब (साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घेतली, 1200 मिमी फोकल लेंथची. डोळ्याने गुरूवरचे दोन पट्टे छान दिसतात पण मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून फोटो काढला की नुसता पांढरा बल्ब आणि बाजूला चार ठिपके. मुलगी म्हणते बाबा हा गुरू की गल्लीतला दिवा. नवीन कॅमेरा घ्यावा का? वीसेक हजार बाजूला काढलेत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : वीस हजार राहू द्यात तिथेच. डोळ्याला पट्टे दिसतायत म्हणजे दुर्बीण ठणठणीत आहे, घोळ मोबाईलचा आहे आणि तोही फुकटात सुटतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात निरांजनाचा फोटो काढला की ज्योत कशी पांढरीफट्ट येते, तसंच हे. फोनला सगळीकडे काळं दिसतं, तो बिचारा आपणहून उजेड वाढवतो, आणि गुरू तर भर उन्हातली वस्तू, तो जळून जातो.

आधी गुरूचे चंद्र, म्हणजे ते बाजूचे चार ठिपके, अगदी बारीक टोकदार दिसेपर्यंत फोकस करा (गुरूच्या कडेवर फोकस करायला जाल तर रात्र जाईल), मग स्क्रीनवर बोट दाबून धरून लॉक करा आणि ब्राइटनेस खाली ओढा, इतका खाली की चंद्र गायब होतील आणि तुम्हाला वाटेल आता काय घंटा दिसणार, तिथेच पट्टे उगवतात. चंद्र आणि पट्टे एकाच फोटोत बहुतेक येत नाहीत, दोन वेगळे काढून जोडतात लोक. काहींना ती चीटिंग वाटते, मला नाही वाटत.

आणि फोटो नाही, व्हिडिओ घ्या. हवा सतत हलत असते, मधेच एखादा क्षण चित्र स्थिर होतं, तो क्षण बटण दाबून पकडता येत नाही. 10 एमएम आयपीसला गुरू या काठावरून त्या काठाला जायला दीड-पावणेदोन मिनिटं घेतो, तेवढं 60 फ्रेमने शूट केलं की पाच हजारांवर फ्रेम हातात. फार लांबवूनही उपयोग नाही कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, दोन-तीन मिनिटांपुढे डाग फराटायला लागतात. मग कॉम्प्युटरवर पिप (PIPP) या सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ सेंटर करून घ्या, ऑटोस्टॅकर्टला (AutoStakkert) त्यातल्या चांगल्या वीसेक टक्के फ्रेम एकावर एक रचू द्या, शेवटी रेजिस्टॅक्समध्ये (RegiStax) वेव्हलेट, म्हणजे बारकावे उठावदार करणारे स्लायडर. तिन्ही फुकट आहेत. स्लायडर जपून, मी सुरुवातीला असा ओढायचो की गुरूला कांद्यासारखे पापुद्रे यायचे.

फोन हाताने धरू नका, क्लॅम्पवाला होल्डर काही शे रुपयांत मिळतो, खर्च करायचाच तर तेवढा करा.

अजून एक, गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडतो, त्यावरून बघितलं की गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा. त्यापेक्षा अंगणात माती-गवतावर लावा, दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. 10 जानेवारी 2026 ला गुरूची प्रतियुती झाली (म्हणजे आपल्याकडून बघता तो सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला आला), मिथुनेत आहे, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरच येतो. हवेच्या दृष्टीने हे उत्तम पण डॉब सरळ वर करून ढकलणं म्हणजे कसरत, म्हणून डोक्यावरून तासभर पुढे सरकला की घ्या, तोवर स्लॅबही जरा निवतो. आणि तारे खूप लुकलुकतायत अशा झकास स्वच्छ रात्रीपेक्षा किंचित धुरकट, वारा पडलेली रात्र बरेचदा जास्त चांगली निघते.

प्रश्न : शनीची कडी फोटोत नुसती रेघ येते, दुर्बिणीचा आरसा हलला असेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आरसा नाही हो, शनीच तसा दिसतोय. 23 मार्च 2025 ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे आपण ती अगदी कडेवरून बघत होतो, आणि कडी इतकी पातळ की तेव्हा दिसेनाशीच होते. आता हळूहळू उघडतायत. सध्या शनी संध्याकाळी पश्चिमेला बुडत चाललाय, तिथे कितीही खटपट केली तरी क्षितिजाजवळची हवा सगळं खाते. पाऊस संपला की ऑक्टोबरात परत लावा दुर्बीण, तेव्हा कडी आणि शनीच्या मधे थोडीशी काळी फट दिसायला हवी.