जगण्याची इच्छा आणायची कोठून?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. नोकरी, घर, माणसे सारे जागेवर असूनही काही महिन्यांपासून ‘हे सगळे कशासाठी?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. झोप लागत नाही आणि रात्री जीवन संपवण्याचे विचार येतात. तत्त्वज्ञान वाचतो, तेव्हा जगण्याला अर्थ नाही हेच अधिक पटते. मग जगण्याची इच्छा आणायची कोठून? – एक वाचक

उत्तर : आपण हे लिहून कळवलेत, हे फार बरे केलेत. जगण्याला अर्थ नसेल तर जगूही नये, असे आपण गृहीत धरले आहे. आपला तर्क नेमका तेथेच अडखळतो. फ्रेंच लेखक-विचारवंत आल्बेर काम्यू यांनी १९४२ साली हाच प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अग्रस्थानी ठेवला, विश्व आपल्याला उत्तर देत नाही हेही मान्य केले, आणि तरीही त्यातून मरणाचा निष्कर्ष निघत नाही, असे ठामपणे मांडले. एरवी निराशावादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर यांचे निरीक्षण मला त्याहून मार्मिक वाटते : मरू इच्छिणाऱ्याला जीवन हवेच असते, ज्या परिस्थितीत ते वाट्याला आले आहे ती त्याला असह्य झालेली असते. म्हणजे आपण शोधत असलेली इच्छा कदाचित या वेदनेच्या तळाशीच आहे.

शिवाय ही अवस्था कायमची नसते. सॅन फ्रान्सिस्कोत जीवन संपवण्यापासून ऐनवेळी रोखल्या गेलेल्या ५१५ जणांचा मागोवा संशोधक रिचर्ड सायडन यांनी घेतला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९४ टक्के जण एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. नैराश्यात विचारांचा आवाका आकसतो. तर्क बिनतोड वाटतो, पण तो ज्यावर उभा असतो ती सामग्रीच अपुरी असते. म्हणूनच, तत्त्वचिंतनाच्या सदरात विचित्र वाटले तरी, आपल्या वाचनापेक्षा आपल्या झोपेची मला अधिक काळजी वाटते.

याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि घरातील एका विश्वासाच्या माणसाला ‘मला मरणाचे विचार येतात’ असे स्पष्ट सांगावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येते. विचार अनावर झाले तर क्षणभरही एकटे राहू नये. ११२ वर फोन करावा किंवा सोबत कोणाला घेऊन थेट रुग्णालय गाठावे. काम्यूंविषयी मतभेद असतील तर जरूर लिहावे, मी वाद घालायला तयार आहे. मात्र पुढच्या पत्रात डॉक्टरांच्या भेटीचे वृत्त आधी यावे.